माझी साखर काढून घेणाऱ्या प्रशिक्षकांमुळे सांगते

मला टाइप वन डायबेटीस आहे, हे आमच्या रनिंग ग्रुपच्या सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फॉर्मवर लिहूनही दिलं होतं. तरी वसई-विरार मॅरेथॉनच्या तयारीत विरारच्या जीवदानी मंदिराच्या पायऱ्या चढताना मी ग्लुकोजची पुडी काढली, तेव्हा त्यांनी ती घेऊन टाकली. "शुगर आहे ना तुला? मग गोड कसलं खातेस? वर पोचल्यावर देतो." आणि गेले पुढे.

तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत त्या. निम्म्यावर हात थरथरायला लागले, गार घाम फुटला. मीटरवर साखर फक्त ५२. फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "दमलीस म्हण ना सरळ!" तेव्हा लख्ख कळलं, यांना डायबेटीस म्हणजे फक्त गोड बंद एवढंच ठाऊक आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही. टोचून घेतलेलं इन्सुलिन पायऱ्या चढताना काम करायचं थांबत नाही, त्यात स्नायूही साखर ओढतात, म्हणून ती उतरते. शेवटी फुलं विकणाऱ्या एका मावशींनी काही न विचारता साखरपाणी दिलं. सरांनी संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "झेपत नसेल त्यांनी येऊ नये." वसीम अक्रमला १९९७ साली टाइप वनचं निदान झालं आणि तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला. झेपण्याचं मला सांगू नका.

माझ्यासारख्यांनी एवढं करा. निघण्याआधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा. २५० च्या वर असेल तर कीटोन बघा. ते असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. पळण्याआधीचं इन्सुलिन मांडीत घेऊ नका, ते भराभर शोषलं जातं. ७० च्या खाली गेलात तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अंगावरचा साखर मोजणारा सेन्सर पळताना मागे पडतो. लक्षणं वाटली तर बोट टोचूनच बघा. संध्याकाळच्या व्यायामानंतर रात्री झोपेतही साखर उतरते, म्हणून इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

सोबत्यांनो, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका; सरळ दवाखाना गाठा.

आणि फी भरण्याआधी प्रशिक्षकांना विचारा, "माझी साखर उतरली तर काय कराल?" उत्तर "काही होत नाही" असं आलं, तर दुसरा ग्रुप शोधा.