पऱ्हाटीवरील गुलाबी बोंडअळी

हा पाठ ज्यांस मंडळीपुढें वाचून दाखवावयाचा आहे, त्यांनीं आधीं जवळच्या शेतांतून २० हिरवीं बोंडें आणून सर्वांसमक्ष चाकूनें कापावीं. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या बोंडांत किडलेली सरकी व गुलाबी अळी सांपडली, म्हणजे अर्धा पाठ तेथेंच झाला.

आपल्या वर्धा जिल्ह्यांत भाताहून कपाशीचा जीव मोठा. हिंगणघाटच्या बाजाराची कीर्ति कापसामुळेंच झाली. ही कीड कांहीं नवी नव्हे. तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८४३ सालीं झालें, तेंही भडोचच्या कापसावरून. २००२ सालीं बीटी कपाशी आली, तेव्हां बोंडअळीचा प्रश्न मिटला असें पुष्कळांस वाटलें. परंतु ही अळी त्या विषास हळूहळू सरावली, आणि २०१७ सालीं विदर्भांत पिकाची मोठी नासाडी झाली. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीची विषबाधा होऊन २० हून अधिक माणसें दगावलीं.

इतकें फवारूनही अळी कां मरत नाहीं? मादी पतंग पात्या, फुलें व कोवळीं बोंडें यांवर अंडीं घालितो. अंड्यांतून निघालेली अळी बारीक छिद्रानें बोंडांत शिरते, आणि तें छिद्र मागून बुजून जातें. मग औषध तिच्यापर्यंत पोहोंचणार कसें? म्हणून एकरीं दोन कामगंध सापळे लावून पाळत ठेवावी. एका सापळ्यांत ओळीनें तीन रात्रीं आठ-आठ पतंग आले, अथवा २० बोंडांत दोन किडकीं निघालीं, तरच औषध योजावें. आरंभीं ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. गुलाबाच्या कळीसारखीं मिटलेलीं फुलें, म्हणजे डोमकळ्या, दिसतांच तोडून नष्ट कराव्या. फवारणाऱ्यानें तोंड व हात झांकावे. वाऱ्याच्या तोंडीं फवारूं नये.

परंतु खरें मूळ फरदडींत आहे. थोड्या अधिक कापसाच्या आशेनें आपण डिसेंबरनंतरही पाणी देऊन पीक उभें ठेवितों, आणि अळीस आयतें अन्न मिळतें. पुढें ती दोन सरक्या एकमेकींस जोडून त्यांत सुप्त पडून राहते. वाळक्या बोंडांत राहते, जिनिंगच्या आवारांतही राहते. यास्तव डिसेंबरअखेर शेत मोकळें करावें. पऱ्हाटी हें गरिबाचें सरपण आहे, तें टाकून द्या असें सांगणें मला प्रशस्त वाटत नाहीं. निदान तिच्यावरील न उमललेलीं बोंडें झोडून जाळावीं, बांधावर ढीग रचूं नये, आणि तें सरपण पावसाळ्यापूर्वींच संपवावें.

एकट्यानें केलेलें हें काम व्यर्थ जातें, कारण शेजारच्या फरदडींतून पतंग उडून येतो. शेतें मोकळीं करण्याची तारीख सर्व गांवानें मिळून ठरवावी, आणि जूनपूर्वीं धूळपेरणी करूं नये. सुप्त अळीचे पतंग बाहेर पडतील तेव्हां शेतांत पाती-फूल नसलें, तर त्यांस अंडीं घालावयास जागाच उरत नाहीं.