दवाखान्यातील संगणक-जाल : काही प्राथमिक संज्ञा

तपासणीच्या खोलीत एक संगणक, औषधालयाच्या गल्ल्यावर दुसरा आणि दोहोंत मिळून एक प्रिंटर, अशी मांडणी आपल्या अनेक व्यवसायबंधूंकडे आहे. जोडणी बिघडली की तंत्रज्ञ जे शब्द उच्चारतो, त्यांचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

एकाच वास्तूतील संगणक परस्परांस जोडले की त्यास 'लॅन' अर्थात स्थानिक जाल म्हणतात. त्याच्या मध्यभागी 'स्विच' असतो. आलेला संदेश ज्या यंत्रासाठी आहे त्याच्याच तारेत तो सोडतो. तांब्याची तार सलग १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. 'राउटर' याहून निराळा. तो दोन जालांच्या सीमेवर उभा असतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यास मिळतात व तेथे वाहनास आपली दिशा धरावी लागते. संदेशास ती दिशा राउटर दाखवतो. बाजारातील लहान पेटीत स्विच, राउटर आणि वायफाय एकत्रच असतात, त्यामुळे नावांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

'आयपी पत्ता' म्हणजे यंत्राचा अंकात्मक पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हाच पत्ता जळगावच्या दवाखान्यातही असू शकेल, आणि त्यात विसंगती नाही. धुळेकरास 'गल्ली नंबर ४' एवढे पुरते. पुण्याहून येणाऱ्या पत्रावर मात्र 'धुळे ४२४००१' लिहावे लागते. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते असे घरातल्या घरात चालणारे आहेत. ते राउटर स्वतःच वाटतो. या पद्धतीस 'डीएचसीपी' म्हणतात. वाटप बदलू शकते, म्हणून प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा. 'काल छापत होता, आज छापत नाही' या तक्रारीचा हेतू पुष्कळदा येथेच सापडतो.

'डीएनएस' हा तर आपल्या परिचयाचा निघंटूच. गुडूची म्हणा, अमृता म्हणा की छिन्नरुहा, वनस्पती एकच. तसे संकेतस्थळाच्या नावावरून डीएनएस त्याचा अंकात्मक पत्ता शोधून देतो.

आता थोडे अपथ्याविषयी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या पाच सर्व्हरांवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस नोंदणी कागदावर करावी लागली. जालाचे विभाजन योग्य नव्हते, हे त्याचे कारण शासनाने संसदेत सांगितले. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. प्रतीक्षागृहातील रुग्णांस वायफाय द्यावयाचे तर राउटरमधील 'गेस्ट नेटवर्क' चालू करून तेच द्यावे. ज्या जालावर रुग्णपत्रिका व औषधसाठा आहे त्याचा परवलीचा शब्द भिंतीवर लावू नये. राउटरसोबत आलेला मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नोंदींची प्रत दर आठवड्यास बाहेरील डिस्कवर घ्यावी, आणि प्रत झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर हल्ल्यात तीही कुलूपबंद होते.