अर्पणपत्रिकेतील अमेरिका

दरवर्षी सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. चैत्यभूमीवर अभिवादन करून परतणारी माणसे गावी नेण्यासाठी येथून ग्रंथ विकत घेतात. त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हमखास असते. ते उघडताच अर्पणपत्रिका दिसते. गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना हा ग्रंथ अर्पण केलेला आहे. पुण्यातील सुधारकाने १८७३ साली सातासमुद्रांपलीकडच्या लोकांची आठवण का ठेवली? या प्रश्नाच्या उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास पाहिला पाहिजे.

भूमी वाढली, प्रश्नही वाढला

अमेरिकेने १८०३ मध्ये लुईझियानाचा प्रदेश फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना विकत घेतला आणि देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. १८४५ मध्ये टेक्सास सामील झाले. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह विस्तीर्ण मुलूख मिळाला. एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत पसरणे हे आपले ईश्वरदत्त विधिलिखित आहे, असे तेथील राष्ट्रवादी अभिमानाने सांगत. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना मात्र १८३० च्या कायद्याच्या आधारे मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. चेरोकी जमातीची हजारो माणसे त्या वाटेवर थंडीने, उपासमारीने व रोगराईने मरण पावली.

नव्या प्रदेशाबरोबर प्रत्येक वेळी एकच वाद उभा राहिला : येथे गुलामगिरी चालणार की नाही? १८२० मध्ये तडजोडीची एक रेषा आखली गेली. १८५४ च्या कायद्याने ती पुसली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असा निवाडा दिला. १८६० मध्ये त्या ‘स्वतंत्र’ देशात सुमारे चाळीस लाख गुलाम होते. नकाशा मोठा झाला होता, पण राष्ट्र आतून दुभंगले होते.

अक्षरांची ताकद

या दुभंगावर सुधारकांनी बोट ठेवले. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ मध्ये ‘लिबरेटर’ हे पत्र काढले. फ्रेडरिक डग्लस हे तर स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. लहानपणी मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवली. गुलाम वाचू लागला तर तो हाताखाली राहणार नाही, म्हणून मालकाने ते शिक्षण बंद पाडले. मग त्या मुलाने रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांकडून चोरून वाचन शिकून घेतले. १८३८ मध्ये ते निसटले आणि पुढे आपल्या लेखणीने व वाणीने त्यांनी सारा देश हलविला. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रीहक्कांची परिषद भरली, तेव्हा स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने तेथे डग्लस बोलले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली. माणसाला गुलाम ठेवायचे तर आधी त्याच्या हातातून पाटी काढून घ्यावी लागते, हे दोन्हीकडे उमगले होते.

१८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले. पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक त्यात लढले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. आठ वर्षांनी जोतीरावांनी आपला ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेच्या विस्ताराला नव्हे, तर दुसऱ्याच्या बेड्या तोडण्यासाठी त्याग करणाऱ्या माणसांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती.

कायद्यानंतरचे काम

पुढील दुरुस्त्यांनी नागरिकत्व आणि मताधिकार दिला. पण १८७७ मध्ये दक्षिणेतील संघसरकारच्या फौजेचे संरक्षण संपले आणि हळूहळू शाळा वेगळ्या, डबे वेगळे, मतपेटी दूर अशी व्यवस्था रूढ झाली. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, ते याच अमेरिकेत. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. त्याच वर्षी त्यांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. एका अर्पणपत्रिकेला दुसऱ्या अर्पणपत्रिकेने दिलेले हे उत्तर होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी अमेरिकेतील एक प्रसंग सांगितला. तेथील एका चर्चने ‘आमच्या राष्ट्राचे’ कल्याण चिंतणारी प्रार्थना स्वीकारली. दुसऱ्याच दिवशी ‘राष्ट्र’ या शब्दाला हरकत निघाली आणि त्याजागी ‘ही संयुक्त संस्थाने’ असे शब्द आले. अमेरिकेलाच जर आपण राष्ट्र आहोत असे वाटत नव्हते, तर हजारो जातींत विभागलेल्यांनी स्वतःला राष्ट्र समजणे हा भ्रम आहे, असा त्यांचा इशारा होता. बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य वरच्या रंगासारखेच उथळ राहतील, असे त्यांनी बजावले.

राष्ट्राची लांबीरुंदी मैलांत मोजता येते. त्याची खोली मात्र शेवटच्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीवरून कळते. आपल्या वसतिगृहात निरनिराळ्या गावांची मुले एका पंगतीत जेवतात आणि एका दिव्याखाली अभ्यास करतात, तेव्हा हाच धडा गिरवला जात असतो.

घरी चर्चेसाठी

१. प्रदेश वाढल्याने अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद का तीव्र झाला?
२. डग्लस यांच्या मालकाला वाचनाची भीती का वाटली?
३. कायद्याने जे मिळाले, ते आपल्या गल्लीत, गावात व मनात कितपत उतरले आहे?