प्राथमिक शाळेचा कर्ता कोण?

घराला कर्ता माणूस नसला म्हणजे घराची काय दशा होते, हे सांगावयास नको. शाळेचेही तसेच आहे. इमारत, फळा, पुस्तके सर्व असूनही एखादी शाळा चालत नाही आणि गळक्या खोलीतही एखादी उत्तम चालते. असे का व्हावे?

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आई तर शाळेत गेलीच नाही. राजूरला येण्यापूर्वी मी डोंगरावरच्या वाडीत शिकले. दोन खोल्या, चार वर्ग आणि दोन शिक्षक अशी ती शाळा. पहिली दोन वर्षे आमच्या शाळेचा कारभार ज्या गुरुजींकडे होता, ते बैठका आणि माहितीचे तक्ते यांतच गुंतलेले असत. ते अकोल्याला गेले, की दुसरे गुरुजी चारही वर्ग एकत्र बसवीत. आम्ही पाढे उतरवून काढत असू. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तिसरीत गेली तरी तिला जोडाक्षर वाचता येत नव्हते. पाचवीत तिने शाळा सोडली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, असे मला आजही वाटते.

हा दोष एकट्या गुरुजींचा म्हणता येणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि दीडशेच्या वर मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. डोंगरातल्या वाडीत दीडशे मुले आणायची कोठून? म्हणजे जो वर्ग शिकवितो त्यालाच शाळाही चालवावी लागते. जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे हाच कायदा सांगतो. परंतु शाळेचे स्वतःचेच कागद काही कमी नसतात.

शिक्षक कसा असावा, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, नांगर धरण्याची त्याला लाज वाटू नये आणि त्याला निदान १२ रुपये पगार असावा, असे त्यांनी मांडले. ज्याला मुलाचे घर कळते त्यालाच मूल कळते, हे त्यामागचे मर्म होय.

त्याचा प्रत्यय मला तिसरीत आला. नवीन बाई आल्या आणि शाळेचा कारभार त्यांच्याकडे गेला. शिक्षक दोनच, खोल्याही त्याच. बाईंनी पहिली-दुसरी एका खोलीत व तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसविली. एका वर्गाला त्या शिकवीत तेव्हा दुसऱ्याला चिंचोके मोजून बेरजा करावयाच्या असत. चौथीची मुले पहिलीच्या मुलांना रोज धडा वाचून दाखवीत. कागद शाळा सुटल्यावर. भातलावणीच्या दिवसांत हजेरी घटली, की बाई बांधावर येत आणि आमच्या आयांशी बोलत. मुलाने घरची बोली बोलली तर हसू नये, हा नियम त्यांनी घातला. वर्षभरात बहुतेक मुले वाचू लागली. अध्यापन आणि नेतृत्व या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मी तेथे पाहिले.

पुढे बाईंची बदली झाली आणि शाळा हळूहळू पूर्वपदावर आली. धाकटा भाऊ आज त्याच शाळेत तिसरीत आहे. तो अडखळत वाचतो. एका चांगल्या माणसावर शाळा किती दिवस चालणार?

येथे मला कोसबाडचे उदाहरण आठवते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखावयास जात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. १९७३ साली ताराबाई गेल्या, पण काम थांबले नाही. अनुताई वाघ यांनी ते पुढे चालविले. आपल्यामागे काम चालेल अशी माणसे तयार करणे, हेच नेतृत्वाचे खरे लक्षण नव्हे काय?

शिक्षक बदलणारच, गाव मात्र जागचे हलत नाही. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. माझी आईही समितीवर आहे. परवापर्यंत ती दाखवतील तेथे अंगठा उठवीत असे. गेल्या महिन्यात बैठकीला मी तिच्याबरोबर गेले आणि इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखविले. ते ऐकून आईने विचारले, "यात पोरांच्या वाचनाचं कुठं लिव्हलंय?" कोणी काही बोलले नाही. पुढच्या बैठकीत तो विषय पहिला घ्यावयाचा, असे ठरले आहे.

मित्रहो, आपणांपैकी अनेकजण अशाच वाड्यांतून आलो आहोत. महिन्यातून एक दिवस आपण आपल्या शाळेत जाऊन मुलांसमवेत वाचावयास बसलो, तर कर्ता कोण या प्रश्नाचे थोडेसे उत्तर आपल्याकडेही असेल.

— द्वितीय वर्ष कला