वाघाटी शोधायची उन्हाळ्यात

पोरी, आषाढी बारशीला एकादशी सोडताना पानात वाघाटीची भाजी लागते, हे तुला आता ठाऊक झालंय. गेल्या साली तू ती बाजारातून आणलीस, मागतील तो भाव दिलास आणि कडूजहर झाली म्हणून गुपचूप पानाच्या कडेला सारलीस. मी पाहिलं होतं, पण सणाच्या दिवशी काय बोलायचं? आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला जे शिकवलं ते आज निवांत सांगते.

पहिलं ध्यानात ठेव: वाघाटी शोधायची उन्हाळ्यात, तोडायची आषाढात. पाऊस पडल्यावर सगळीच झुडपं हिरवी होतात, मग त्यात वेल कुठली सापडायला? आपला पट्टा वर्षाला जेमतेम १८-२० इंच पावसाचा. फाल्गुन-चैत्रात माळावर झाडाझुडपांचा नुसता खराटा झालेला असतो. तेव्हा एखाद्या हिवरावर गडद हिरवा झुबका दिसला की जवळ जाऊन बघ. वाघाटी पानं झाडून मोकळी होत नाही. त्याच दिवसांत तिला फुलं येतात. उमलताना पांढरी असतात आणि जुनी होतील तशी गुलाबी-लाल होतात, म्हणून एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. आतले तंतू मांजराच्या मिशांसारखे लांब बाहेर आलेले असतात. जागा मनात पक्की कर, बांधाची खूण धर.

नीरा डाव्या कालव्याखालच्या उसात ती शोधू नकोस. कालव्याचं पाणी पोचलं नाही त्या जिराईत अंगाला जा. ओढ्याचा काठ, जुनी वई, पडीक बांध बघ. सुप्याकडं मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथं चिंकारं राहतात. तिथलं पानसुद्धा तोडायचं नाही. आपल्या बांधावरची वेल आपल्याला पुरते.

आता ओळख. वाघाटीला तणावे नसतात. ती काट्यांनी धरून वर चढते. पानाच्या बुडाशी दोन-दोन काटे, मागं वळलेले, वाघनखासारखे. तणावे दिसले, वेल लुसलुशीत असली आणि काटा नसला, तर हात लावू नको, ते कवंडळ असायचं. जमिनीवर पसरलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं फळ म्हणजे इंद्रावण, तेही नको. दोन्ही कडू म्हणून वाघाटीच्या नावाखाली कुणी खपवली, तर पोटाची दैना होईल. वाघाटीचं फळ लांब आणि जाड अशा देठाला लोंबतं, हे विसरू नको. शंका आली की सोडून द्यायचं.

तोडताना घाई नको. पदर अडकला तर मागं ओढू नको, काटा आणखी रुततो. उलट वेलीकडं अर्धं पाऊल सरक, काटा आपसूक सुटतो. लांबचं फळ आकडीनं जवळ ओढायचं आणि देठावर विळा घालायचा. वेल खेचून खाली आणायची नाही.

कधी तोडायची? तुकोबांची पालखी काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. ती सराटीकडं निघाली की एकादशीला साधारण पाच-सहा दिवस उरतात. तेवढ्यात बांधावर एक फेरी मारून फळं बघून ठेव आणि दशमीला तोड. हिरवी, कोवळी घ्यायची. लाल झालेली पाखरांची. एका वेलीवरची सगळी फळं कधीच उतरवायची नाहीत.

भाजीचं सांगते. फळ विळीवर उभं चिर आणि बिया, गर चमच्यानं कोरून टाक. फोडी मिठाच्या पाण्यात चिंचेचं बोटूक घालून उकड, ते पाणी फेकून दे आणि फोडी हातानं घट्ट पिळ. गेल्या साली तू इथंच चुकलीस. मग तेलात मोहरी-जिरं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, फोडी, गूळ आणि शेवटी दाण्याचं कूट. चातुर्मास लागलेला असतो, म्हणून कांदा-लसूण नाही. कडूपणा थोडा राहतोच, राहू दे. नैवेद्य दाखवून प्रत्येकाच्या पानात दोन-दोन फोडी वाढायच्या. गोविंदफळ म्हणतात तिला, पण त्या नावावर वाटीभर खायचं नसतं. पोटुशी बाईला आणि लहान पोरांना आग्रह करू नको.

आणि औषध म्हणून बारा महिने वाळवून ठेवायचं खूळ डोक्यात घेऊ नको. मी नवी असताना आत्याबाईंना विचारलं होतं, वर्षातून एकदाच का? त्या म्हणाल्या, रोज खायची म्हटली तर पुढच्या साली वेल उरेल का? पांढरी फुलपाखरं तिच्या पानांवर अंडी घालतात आणि अळ्या पानं कुरतडतात. त्या दिसल्या म्हणून फवारणीचा पंप आणू नको. चार पानं जातील, वेल पुन्हा फुटते.

बांध सपाट करायला जेसीबी येतो तेव्हा मात्र वेल मुळासकट जाते. आपल्या ओढ्याकडच्या दोन वेली अशाच गेल्या. म्हणून पिकलेल्या एका फळाच्या बिया हिवराच्या बुंध्याशी खोचून ठेव. पुष्कळ वाट बघावी लागेल, पण तू तरुण आहेस.

यंदा चैत्रात माझ्याबरोबर बांधावर चल. मी फुलं दाखवीन. आषाढात तुझी तू तोडायचीस.