बायसनकडून सी++चा पार्सर: खर्च किती, अडकाल कुठे

सीमधला पार्सर चालू आहे, आता तोच सी++च्या क्लासमध्ये हवा आहे? ग्नू बायसन ते करून देतो. पैसे लागत नाहीत. वेळ लागतो: छोट्या व्याकरणाला एक संध्याकाळ धरा, युनियन आणि पॉइंटरांनी भरलेल्या जुन्या व्याकरणाला पूर्ण शनिवार-रविवार. पुढे सूचनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.

आधी आवृत्ती तपासा. ‘बायसन --व्हर्जन’ एवढेच. मॅकवर ॲपलच्या साधनांसोबत येतो तो 2.3, म्हणजे 2006 सालचा. त्यावर पुढचे जवळजवळ काहीच चालणार नाही. होमब्रूने नवा घ्या, पण तिथेच थांबू नका: होमब्रू तो तुमच्या पाथमध्ये आपोआप घालत नाही. पाथ स्वतः बदला आणि आवृत्ती पुन्हा पाहा, नाहीतर जुनाच बायसन चालत राहील आणि तुम्ही व्याकरणात चुका शोधत बसाल. उबंटू 22.04 वर थेट 3.8.2 मिळतो, 20.04 वर 3.5.1. विंडोजसाठी विनफ्लेक्सबायसन आहे. फाइलच्या माथ्यावर ‘%रिक्वायर "3.6"’ लिहून ठेवा, सहकाऱ्याकडे जुना बायसन असला तर पहिल्याच ओळीवर कळेल.

लागणारी कागदपत्रे तीन: व्याकरणाची फाइल, फ्लेक्सची फाइल, आणि पार्सरला हाताळणाऱ्या तुमच्या ड्रायव्हर क्लासची हेडर फाइल. व्याकरणात ‘%लँग्वेज "सी++"’ लिहा. नेमस्पेस ‘वायवाय’ आणि क्लास ‘पार्सर’ अशी नावे आपोआप पडतात. एकाच प्रकल्पात दोन व्याकरणे असतील तर ती आजच ‘एपीआय.नेमस्पेस’ आणि ‘एपीआय.पार्सर.क्लास’ने बदला. हा पार्सर ग्लोबल व्हेरिएबल वापरत नाही, त्यामुळे शुद्ध पार्सर मागण्याची जुनी सूचना काढून टाका.

खरा पैसा वसूल होतो तो पुढच्या जोडीत. ‘%डिफाइन एपीआय.व्हॅल्यू.टाइप व्हेरियंट’ लिहिलेत की स्ट्रिंग, व्हेक्टर, तुमचे स्वतःचे क्लास थेट मूल्य म्हणून चालतात. युनियन ठेवलीत तर प्रत्येक स्ट्रिंगचा पॉइंटर करायचा, आणि वाचल्या जाणाऱ्या मजकुरात चूक सापडल्यावर तो कोण मोकळा करणार हे तुम्हीच बघायचे. मेमरी गळते ती इथेच. सोबत ‘%डिफाइन एपीआय.टोकन.कन्स्ट्रक्टर’ हवेच. मग लेक्सर टोकन, मूल्य आणि जागा एकत्र परत करतो, आणि आकडा हवा तिथे स्ट्रिंग दिलीत तर कंपाइलरच अडवतो. एकटा व्हेरियंट घेणे म्हणजे अर्धेच काम: मूल्य भरायचे राहिले तर ते चालू प्रोग्रॅममध्येच कळेल. विकासाच्या काळात ‘पार्स.असर्ट’ चालू ठेवा. त्याला आरटीटीआय लागते, ती कंपाइलरमध्ये बंद असेल तर बिल्ड अडेल. युनिक पॉइंटर वापरत असाल तर ‘एपीआय.व्हॅल्यू.ऑटोमूव्ह’ घ्या, मात्र एका कृतीत प्रत्येक मूल्य एकदाच वापरा.

छुपे खर्च आता. पहिला, हेडरचे चक्र: ड्रायव्हरला पार्सर हवा, पार्सरला ड्रायव्हर. ‘%कोड रिक्वायर्स’मध्ये ड्रायव्हर क्लासची फक्त घोषणा करा, त्याची हेडर फाइल साध्या ‘%कोड’मध्ये जोडा, आणि ड्रायव्हर ‘%पॅरम’ने आत पाठवा. दुसरा, चुका कळवणारे ‘एरर’ हे फंक्शन बायसन लिहून देत नाही. ते तुम्ही लिहायचे, विसरलात तर लिंकर ओरडेल. तिसरा, फ्लेक्स: त्याच्या सी++ लेक्सरच्या मागे लागू नका. साधा सी लेक्सर सी++ म्हणून कंपाइल करा आणि ‘वायवाय-डेकल’ मॅक्रोत (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) नवी सही द्या. बायसनचे स्वतःचे उदाहरणही हेच करते. चौथा, जीएलआर: जुन्या ‘जीएलआर.सीसी’ सांगाड्यात व्हेरियंट चालत नाही, त्यासाठी 3.8 मधला ‘जीएलआर2.सीसी’ घ्या.

मराठी वापरकर्त्यांसाठी भाषा बनवत असाल तर ‘पार्स.एरर’ला ‘व्हर्बोस’ देऊ नका. 3.6 पासून ‘कस्टम’ आहे: अनपेक्षित टोकन आणि अपेक्षित टोकनांची यादी तुमच्या हातात येते, वाक्य तुम्ही मराठीत रचायचे.

वेळ वाचवणाऱ्या दोन वाटा. जुन्या सूचनांची नावे हाताने बदलू नका. ‘बायसन --अपडेट’ ती फाइलमध्येच बदलतो आणि जुन्या फाइलची प्रत ठेवतो. तरी आधी गिटमध्ये कमिट करा. शिफ्ट-रिड्यूस संघर्ष आला तर 3.7 पासूनचा ‘काउंटरएक्झाम्पल्स’ हा इशारा चालू करा. कोणत्या मजकुरावर घोळ होतो ते उदाहरणासह दिसते.

जावा हवी असेल तर ‘%लँग्वेज "जावा"’ लिहा. लेक्सरचा इंटरफेस तुम्हाला पुरा करावा लागेल, आणि व्हेरियंटचा प्रश्नच येत नाही.

परवान्याची धास्ती नको. बायसन स्वतः जीपीएलखाली आहे, पण त्याने बनवलेल्या पार्सरला खास सूट आहे: तो कंपनीच्या बंद कोडमध्ये घालता येतो. सूट लागू नाही ती एकाच ठिकाणी, तोच सांगाडा वापरून तुम्ही दुसरा पार्सर-जनरेटर बनवलात तर. आणि सोर्सचे पॅकेज बाहेर देताना तयार झालेल्या पार्सरच्या फाइल्सही त्यात घाला, म्हणजे तो बांधणाऱ्याला बायसन लागणारच नाही.