अवजड टाक्या सुरक्षितपणे उचलण्याची साधने

शेतमालावर गावातच प्रक्रिया करण्याचा उद्योग जसजसा वाढत आहे, तसतशी खेड्यांतून अवजड सामग्रीही येऊ लागली आहे. दूध थंड करण्याच्या टाक्या, फळांच्या रसाच्या टाक्या, तेलाच्या टाक्या ही त्यांतील नेहमीची उदाहरणे होत. अशी टाकी विकत घेताना किंमत, कर्ज व अनुदान यांचा विचार बारकाईने केला जातो. परंतु मालमोटारीतून आलेली टाकी खाली कशी उतरवावयाची आणि चौथऱ्यावर उभी कशी करावयाची, याचा विचार बहुधा मालमोटार दारात येऊन उभी राहिल्यावरच सुरू होतो. मग दहापंधरा माणसे गोळा होतात, दोर व पहारी आणल्या जातात आणि सर्वांनी मिळून जोर लावावयाचा असे ठरते. पाय चिरडणे, हात अडकणे, प्रसंगी जीव जाणे असे अपघात घडतात ते याच वेळी. माणसे कमी पडतात म्हणून हे अपघात होत नाहीत. वजनाचा अंदाज आणि योग्य साधन नसते म्हणून ते होतात.

मोठ्या टाक्या हाताळण्याचे काम आपल्या राज्यात द्राक्षापासून वाइन तयार करणाऱ्या कारखान्यांत विशेष चालते. नारायणगावच्या परिसरात हा उद्योग १९८० च्या दशकात सुरू झाला. पुढे २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे त्यासाठी खास वसाहती उभारण्यात आल्या. या कारखान्यांतील टाक्या स्टेनलेस स्टीलच्या, उंच व पातळ पत्र्याच्या असतात. त्या उचलण्याचे जे नियम आहेत, तेच बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडसारख्या गावी येणाऱ्या कोणत्याही टाकीला लागू पडतात. म्हणून येथे पाच हजार लिटरच्या टाकीचे उदाहरण घेऊन त्या नियमांची माहिती दिली आहे.

वजन आधी, साधन नंतर

कोणतीही वस्तू उचलण्यापूर्वी तिचे वजन ठाऊक असणे ही पहिली अट होय. टाकीवर वजन लिहिलेले असल्यास उत्तमच. नसल्यास ते हिशेबाने काढता येते. स्टेनलेस स्टीलचा एक चौरस मीटर लांबीरुंदीचा व एक मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ८ किलो भरतो. तेव्हा पत्र्याचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढून त्यास जाडीच्या मिलिमीटरांनी व पुन्हा ८ ने गुणावे, म्हणजे वजन किलोमध्ये मिळते.

समजा, रोहिणखेड येथील एखाद्या शेतकरी गटाने १.६ मीटर व्यासाची व २.५ मीटर उंचीची टाकी आणली. तिच्यात सुमारे ५,००० लिटर रस मावेल. तिचा घेर सुमारे ५ मीटर, म्हणून बाजूचा पत्रा १२.६ चौरस मीटर. वरचे झाकण व तळ मिळून ४ चौरस मीटर. एकूण १६.६ चौरस मीटर. पत्रा ३ मिलिमीटर जाडीचा धरल्यास १६.६ × ३ × ८ म्हणजे सुमारे ४०० किलो वजन झाले. पाय, दार, तोट्या व थंड पाण्याचे बाहेरील आवरण यांसाठी त्यात निम्मी भर घालावी. म्हणजे रिकामी टाकी ६०० किलोची समजून चालावे. हीच टाकी भरलेली असल्यास तिचे वजन साडेपाच टनांहून अधिक होईल. भरलेली टाकी कधीही उचलू नये.

टाकी खरोखर रिकामी आहे किंवा नाही हे तोटी उघडून पाहावे. वरील टाकीत तळाशी केवळ १० सेंटिमीटर पाणी उरले असले, तरी ते २०० लिटर, म्हणजेच २०० किलो होते. टाकी थोडी कलताच हे पाणी एका बाजूस धावते आणि तोल बिघडवते.

टाकी धुण्यासाठी आत उतरण्याचा मोह मात्र टाळावा. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस जसा गुदमरतो, तसाच येथेही गुदमरतो, आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही त्याच्या शेजारी पडतो. टाकी बाहेरूनच पाण्याच्या नळीने धुवावी.

अडकविण्याची साधने

टाकीच्या माथ्यावर उचलण्यासाठी जाड लोखंडी कान जोडलेले असतात. वायररोप किंवा पट्टा शॅकलच्या साहाय्याने त्या कानांतच अडकवावा. तोटी, दार, शिडी वा नळीचा तुकडा यांना दोर बांधू नये. ते भाग टाकीचे वजन पेलण्यासाठी केलेले नसतात. पातळ पत्र्याच्या अंगाभोवती दोर आवळल्यास पत्रा चेपतो व दोर सरकतो.

दोन कानांना दोन दोर बांधून ते वर एका आकड्यात अडकविले, म्हणजे प्रत्येक दोरावर निम्मेच वजन येते अशी समजूत असते. दोर सरळ उभे असतील तरच हे खरे आहे. ते जितके पसरट होतील तितका ताण वाढतो. ६०० किलोच्या टाकीसाठी प्रत्येक दोरावरील ताण पुढीलप्रमाणे होतो :

दोर सरळ उभे असता – ३०० किलो
दोर जमिनीच्या पातळीशी ६० अंशांत असता – ३४६ किलो
४५ अंशांत असता – ४२४ किलो
३० अंशांत असता – ६०० किलो

याखेरीज तिरपे दोर दोन्ही कानांना आतल्या बाजूस ओढतात. ६० अंशांत ही ओढ सुमारे १७३ किलोची, तर ३० अंशांत ५२० किलोची होते. एवढ्या ओढीने पातळ माथा मुडपतो. यास्तव एक सोपा नियम ध्यानात ठेवावा : प्रत्येक दोराची लांबी निदान दोन कानांमधील अंतराइतकी असावी. मग कोन आपोआप ६० अंश वा त्याहून अधिक राहतो. कान फार दूर असतील, तर मध्ये लोखंडी आडवी तुळई घालून तिच्या टोकांपासून दोर सरळ खाली सोडावेत. टाकीला चार कान असले, तरी भार दोनच दोरांवर येईल असे धरून दोर निवडावेत. कारण चारही दोर सारखे ताणलेले क्वचितच असतात.

विणीचे पट्टे बाजारात रंगावरून ओळखू येतात. जांभळा पट्टा १ टनाचा, हिरवा २ टनांचा व पिवळा ३ टनांचा, असा प्रघात आहे. तरीही शिवलेल्या चिठ्ठीवरील आकडाच प्रमाण मानावा. चिठ्ठी फाटून गेलेला पट्टा वापरू नये. दोराला गाठ मारल्यास त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून दोर आखूड करण्यासाठी गाठ मारण्याची सवय सोडून द्यावी.

उचलण्याची साधने

जॅक व ठोकळे : टाकी थोडीच वर घ्यावयाची असल्यास हे साधन स्वस्त व सुरक्षित आहे. एका बाजूने ५ सेंटिमीटर उचलावे, लगेच खाली लाकडी ठोकळा सारावा, मग दुसरी बाजू उचलावी. टाकी केवळ जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली हात घालू नये. जॅक लावावयाचा तो टाकीच्या पायांच्या चौकटीस; तळाच्या पत्र्यास नव्हे. टाकी पुढे सरकविण्यासाठी चौकटीखाली लोखंडी नळ्यांचे रूळ घालावेत.

तिपाई व साखळी-कप्पी : विहिरीतील पाणबुडी मोटार काढण्यासाठी तिपाई गावोगावी वापरली जाते. परंतु साधी कप्पी व साखळी-कप्पी यांतील फरक पुष्कळांस ठाऊक नसतो. आढ्याला टांगलेल्या साध्या कप्पीने वजन हलके होत नाही. केवळ ओढण्याची दिशा बदलते. शिवाय ३०० किलोचे ओझे खालून ओढून धरल्यास आढ्यावर ओझे व ओढ मिळून ६०० किलोचा भार पडतो. घराची जुनी तुळई याचमुळे मोडते. साखळी-कप्पीत, जिला कारागीर चेन पुली म्हणतात, दातेरी चाकांमुळे एका माणसाच्या ओढीने एक टन ओझे हळूहळू वर चढते, आणि साखळी सोडली तरी आतील ब्रेकमुळे ते तेथेच थांबून राहते. एका माणसाला साखळी ओढवत नसेल, तर ओझे कप्पीच्या ताकदीबाहेरचे आहे किंवा कप्पी बिघडली आहे असे समजावे. दुसरा माणूस साखळीला लावू नये.

तिपाईचे पाय बाहेर सरकू पाहतात. ६०० किलोचे ओझे टांगले व पाय उभ्या रेषेपासून ३० अंश कलते असले, तर प्रत्येक पायावर सुमारे २३० किलोचा दाब येतो आणि तो पाय सुमारे ११५ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. यासाठी तिन्ही पाय खालच्या बाजूस साखळीने एकमेकांस बांधावेत. मोताळा तालुक्यातील काळ्या जमिनीत ही काळजी अधिकच हवी. कारण ती ओली असता पाय रुततो, तर उन्हाळ्यात भेगेवर ठेवलेला पाय अचानक खचतो. प्रत्येक पायाखाली जाड फळी वा लोखंडी पत्रा द्यावा. मुरमाड जमिनीत पाय घसरू नये म्हणून लहानसा खळगा करावा. ओझे तिपाईच्या बरोबर मध्यभागी असावे. तिपाईवरून ते बाजूला ओढल्यास तिपाई उलटते.

क्रेन : आपल्या उदाहरणातील अडीच मीटर उंचीच्या टाकीवरून उभी राहील अशी तिपाई गावात नसते. अशा टाकीसाठी क्रेनच आणावी. बारा टनांची क्रेन म्हणजे ती कोठेही बारा टन उचलील असे नव्हे. तो आकडा ओझे क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा असतो. दांडा जसा लांब जाईल तशी ताकद झपाट्याने घटते. क्रेनसोबत असलेला भारतक्ता चालकाकडून पाहून घ्यावा. माती उकरण्याच्या यंत्राच्या दातांना साखळी अडकवून टाकी उचलण्याचा प्रकार सर्रास दिसतो; तो टाळावा. साखळी दातांवरून निसटते, आणि चालकाला हाताशी असलेल्या माणसाची जागा दिसत नाही.

क्रेन उभी करण्यापूर्वी वर पाहावे. विजेच्या उच्च दाबाच्या तारांजवळ दांडा केवळ आला, तारेस लागला नाही, तरीही प्रवाह उडी घेऊ शकतो. जवळ तार असल्यास वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्यावाचून काम सुरू करू नये. तिपाईचे लोखंडी पाय उभे करतानाही हाच नियम पाळावा.

आडवी टाकी उभी करणे

टाकी बहुधा आडवी आणली जाते, आणि ती उभी करण्याचे काम सर्वांत जोखमीचे असते. माथा उचलताना आरंभी निम्मे वजन जमिनीवर असते. पुढे सर्व वजन क्रेनवर येते. म्हणून साधने पूर्ण वजनाचीच हवीत. खालची कड सरकू नये म्हणून तिला ओंडक्यांची अटक द्यावी. टाकी जवळजवळ उभी होताच तिचा तोल त्या कडेवरून पलीकडे जातो आणि ती एकदम झोक घेते. हा झोक आवरण्यासाठी माथ्याला मागील बाजूने दोर बांधून तो एखाद्या पक्क्या खुंटास वेढून हळूहळू सोडावा. दोर माणसाच्या कमरेस वा मनगटास कदापि गुंडाळू नये.

रिकामी टाकी वाऱ्याला शिडासारखी अडते. वळवाच्या पावसाच्या दिवसांत दुपारी वारा उठतो, म्हणून हे काम सकाळी उरकावे.

कामाची शिस्त

हुकूम एकाच माणसाने द्यावा आणि चालकाने त्याच्याच खुणा पाळाव्यात. ‘थांबा’ ही खूण मात्र कोणीही करू शकतो, व ती होताच काम थांबले पाहिजे. टाकी प्रथम १० ते १५ सेंटिमीटर उचलून क्षणभर तशीच ठेवावी. दोर, कान, तोल व जमीन पाहून सर्व ठीक असल्यासच पुढे उचलावी. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहू नये. टाकी घसरू लागल्यास ती हातांनी सावरण्याचा प्रयत्न करू नये, बाजूस व्हावे. पत्रा पुन्हा ठोकून सरळ करता येतो. मुलांना व बघ्यांना टाकीच्या उंचीच्या दुपटीहून अधिक अंतरावर ठेवावे.

तपासणी व निगा

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांवर सुरक्षित भाराचा आकडा असावा आणि जाणकाराकडून त्यांची निदान बारा महिन्यांतून एकदा कसून तपासणी व्हावी, असे ठरवून दिले होते. शेतावरील साधनांसाठीही हाच दंडक पाळणे हिताचे आहे. तारा तुटलेला, पीळ सुटलेला वा गंजलेला वायररोप, उघडलेला आकडा, ताणलेली कडी व कापलेला पट्टा ही ताबडतोब बाजूला काढावीत, आणि ती पुन्हा कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून तोडून टाकावीत.

एकेका शेतकऱ्याला ही साधने वर्षातून एखाद्या वेळीच लागतात. म्हणून गावातील सहकारी सोसायटीने किंवा शेतकरी गटाने एक टनाची साखळी-कप्पी, पायबांधणीची साखळी असलेली तिपाई, दोन जॅक, पट्टे व शॅकल असा एक संच मिळून घ्यावा. तो कोरड्या जागी ठेवावा आणि त्याची जबाबदारी एका माणसाकडे सोपवावी. टाकी गावात एकदाच येते. ती उतरविणारी माणसे मात्र रोज घरी परतली पाहिजेत.

उजळणीसाठी प्रश्न

१. व्यास १.२ मीटर, उंची १.८ मीटर व पत्रा २.५ मिलिमीटर असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या रिकाम्या टाकीचे वजन किती धरावे?
२. दोन कानांत १.५ मीटर अंतर असल्यास प्रत्येक दोर निदान किती लांब असावा?
३. आढ्याला टांगलेल्या साध्या कप्पीने २०० किलोचे ओझे उचलताना आढ्यावर किती भार येतो?

उत्तरे : १. पत्र्याचे सुमारे १८० किलो. इतर भागांसह २७० किलो. २. १.५ मीटर. ३. सुमारे ४०० किलो.